टाळ्या प्रयोगाला, पैसे तालमीला : नाट्यसंस्थेला देणगी देताना

पुण्यातल्या एका छोट्या प्रायोगिक नाट्यसंस्थेचा मी चौदा वर्षं खजिनदार होतो. खजिनदार म्हणजे प्रयोग रंगात आलेला असताना बाहेरच्या टेबलावर नोटा मोजणारा आणि शेवटचा प्रवेश हमखास चुकवणारा माणूस. त्या टेबलापाशी देणगीदारही खूप भेटले. कुणी निघताना पेटीत शंभराची नोट सरकवून जायचं, कुणी एक्कावन्न हजारांचा चेक हातात ठेवून ‘हे जाहिरातीत येईल ना?’ म्हणून विचारायचं. मदत करण्याची इच्छा जवळजवळ सगळ्यांची खरी असायची. मात्र पैसे कोणत्या कामासाठी द्यावेत, कागद कोणते पाहावेत, पावतीवर काय असावं, हे विचारायला लोक बिचकायचे आणि आम्ही सांगायला बिचकायचो.

गंमत अशी की नाटकवाले दुसऱ्यांसाठी पैसे उभे करण्यात पूर्वीपासून पटाईत. ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे दौरे काढून सामाजिक कार्यकर्त्यांसाठीचा सामाजिक कृतज्ञता निधी जमवला. स्वतःच्या संस्थेसाठी हात पसरायची वेळ आली की मात्र याच लोकांची जीभ अडखळते. तेव्हा विचारणं तुमच्याकडून सुरू होऊ द्या. काय विचारायचं ते पुढे क्रमानं सांगतो.

आधी संस्था बघा, म्हणजे नाटक बघा

व्यावसायिक नाटकाच्या निर्मात्याला देणगी द्यायची नसते. तो धंदा करतो, नफा-तोटा त्याचा. त्याला मदत करायची तर तिकीट काढून जा आणि चार जणांना घेऊन जा. देणगी घेऊ शकते ती नोंदणीकृत, ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था : प्रायोगिक नाटक करणारी, बालनाट्य शिबिरं घेणारी, एकांकिका स्पर्धा भरवणारी, छोटं नाट्यगृह चालवणारी. शिल्लक राहिली तरी ती तिच्या सभासदांच्या घरी जात नाही, पुढच्या कामात जाते.

कुठल्या संस्थेला द्यायचं हे वेबसाइटवरच्या फोटोंवरून ठरवू नका. वर्षभरात तिची दोन कामं तिकीट काढून पाहा. त्यातलं एक मुद्दाम नवं नाटक पाहा, पहिल्या पाच प्रयोगांतलं. तिथे संस्थेचा खरा जीव कळतो. प्रयोग वेळेवर सुरू झाला का, नाटक फसलं असलं तरी मंडळी तालीम करून आलेली होती का, नवी मुलं दिसतात की वीस वर्षं तीच तोंडं आहेत, एवढं पाहिलंत तरी पुरे. मी स्वतः फसलेलं नाटक पाहून एका संस्थेला देणगी दिली आहे, कारण ते धाडसानं फसलं होतं.

तुमच्या गावाजवळ संस्था असेल तर तिला आधी द्या. पुण्या-मुंबईच्या संस्थांना निदान प्रेक्षक आणि वर्तमानपत्रं आहेत. सांगली, नगर, अकोला, रत्नागिरीच्या मुलांना राज्य नाट्य स्पर्धेचा एक प्रयोग संपला की पुढचा प्रयोग कुठे करायचा हेच ठाऊक नसतं. गोव्यात आणि कोकणात जत्रेतलं नाटक गाव वर्गणी काढून करतो, तिथे ही सवय मुरलेली आहे. शहरात आपण ती सोडून दिली.

भोक कुठे पडतं?

हा भाग सावकाश वाचा, कारण देणगी वाया जाते ती इथे चुकल्यामुळे.

आमच्या एका नाटकाची वही समोर घेतो. सहा पात्रं, शंभर खुर्च्यांची जागा. आकडे गावागणिक आणि वर्षागणिक बदलतील, पण प्रमाण साधारण हेच राहतं. तालमी चाळीस दिवस, रोज तीन तास. हॉलचं भाडं तासाला २५० रुपये, म्हणजे ३०,००० तालमीच्या जागेलाच गेले. चहा-बिस्किटांना रोजचे दोनशे धरले तर ८,०००. सेट ४५,०००, कपडे १२,०००, संगीत आणि ध्वनिमुद्रण १५,०००. पडदा उघडायच्या आधीच १,१०,००० रुपये खर्च झाले होते.

आता एका प्रयोगाचा खर्च. नाट्यगृह ६,०००, लाइट्स ५,०००, सेटचा टेम्पो जाऊन-येऊन २,५००, बॅकस्टेजच्या दोन मुलांना हजार-हजार, सहा नटांना पाचशे-पाचशे ‘नाईट’, जेवणखाण दीड हजार, जाहिरात आणि छपाई हजार. बेरीज २१,०००. तिकीट अडीचशे रुपये. शंभर खुर्च्या भरल्या तर २५,००० येतात आणि चार हजार उरतात. म्हणजे सुरुवातीचा खर्च भरून काढायला अठ्ठावीस प्रयोग लागणार, आणि तेही सगळे हाऊसफुल्ल. प्रत्यक्षात साठ खुर्च्या भरल्या तरी आम्ही खूश असायचो. साठ तिकिटांचे १५,००० झाले की प्रयोगामागे सहा हजार खिशातून.

‘मग तिकीट वाढवा की,’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं. तिकीट पाचशेच्या वर गेलं की त्यावर जीएसटी लागतो, ती एक गोष्ट. दुसरी अशी की अडीचशेचं चारशे केलं की प्रायोगिक नाटकाला येणारी कॉलेजची पोरं पहिली गळतात. आणि तेच तर हवे असलेले प्रेक्षक.

आता वहीकडे देणगीदाराच्या नजरेनं बघा. त्याला सेटला पैसे द्यायला आवडतं, कारण सेट दिसतो. नाट्यमहोत्सवाला द्यायला आवडतं, कारण बॅनर लागतो. पुरस्काराला आवडतं, कारण वडिलांचं नाव राहतं. तालमीच्या हॉलच्या भाड्याला आणि बॅकस्टेजच्या मुलाच्या हजार रुपयांना देणारा चौदा वर्षांत मला बोटांवर मोजण्याइतका भेटला. आणि संस्था बंद पडतात त्या याच दोन ठिकाणी.

मराठी प्रायोगिक नाटकाचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. ‘आविष्कार’नं १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत प्रयोग सुरू केले आणि त्या जागेच्या नावानंच एक चळवळ ओळखली गेली. ती एका शाळेच्या वरच्या मजल्यावरची, परवडणाऱ्या भाड्यातली खोली होती. ती हातची गेली तेव्हा मंडळींना माहीमच्या महापालिका शाळेत नव्यानं बस्तान बसवावं लागलं. पुण्यात ‘थिएटर अकॅडमी’नं १९८०च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं तरुण लेखकांसाठी नाट्यलेखन कार्यशाळा घेतल्या. तिथे पैसा संहिता लिहिण्यावर गेला, रंगमंचावर दिसेल अशा कशावर नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, आणि ते बरोबरच होतं. तालमीची खोली भाडेवाढीमुळे सुटते तेव्हा मात्र कुठेच बातमी येत नाही.

म्हणून संस्थेकडे गेलात की पहिला प्रश्न हा विचारा : ‘गेल्या वर्षी तुम्ही कुठल्या खर्चाला अडलात?’ उत्तर लगेच आणि नेमकं आलं तर संस्था हिशेबाला जागी आहे असं समजा. ‘सगळीकडेच हो’ असं आलं तर वही मागा.

कागद मागा, त्यात अपमान काही नाही

महाराष्ट्रात बहुतेक नाट्यसंस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या असतात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेला ‘एफ’नं सुरू होणारा क्रमांक असतो, इतर न्यासांना बहुधा ‘ई’नं सुरू होणारा. अलीकडच्या काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून, नोंदलेल्या असतात, तेही चालतं. क्रमांक लेटरहेडवर असायला हवा. नसेल तर विचारा.

यापुढे तीन गोष्टी. एक, आयकर विभागाकडची १२ए खालची नोंदणी, जिच्यामुळे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी मिळते. दोन, ८०जी, जिच्यामुळे देणगीदाराला सवलत मिळते. दोन्ही नोंदण्या आता कायमच्या नसतात, ठरावीक मुदतीनं नव्या कराव्या लागतात. त्यामुळे २०१२ च्या पत्राची पिवळी झेरॉक्स कुणी पुढे केली तर चालू प्रमाणपत्र मागा. तीन, गेल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. त्यात परिशिष्ट आठचा ताळेबंद आणि परिशिष्ट नऊचा जमाखर्च असतो. चार्टर्ड अकाउंटंट असण्याची गरज नाही, दोन ओळी बघा : ‘संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ आणि ‘प्रशासकीय खर्च’. नाटकाच्या संस्थेत पहिला आकडा ठसठशीत मोठा हवा. तसंच ‘विश्वस्तांना देणे’ या नावाखाली मोठी रक्कम वर्षानुवर्षं पडून असेल तर शांतपणे कारण विचारा. आमच्याकडे ती होती. अध्यक्षांनी सेटसाठी स्वतःचे ऐंशी हजार घातले होते आणि आम्हाला ते परत करणं जमत नव्हतं. कारण साधं होतं, पण विचारणाऱ्यानं विचारलं हे बरं झालं, कारण त्यानंच ते फेडायला निम्मे पैसे दिले.

नोंदणीच नसलेला ग्रुप असेल तर? कॉलेज संपून दोन-तीन वर्षं झालेली मुलं एकत्र येऊन नाटक करतात, त्यांची नोंदणी नसते. नोंदणी नसताना लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळांना लागते तशीच. अशा मुलांना जाहीर देणगीच्या भानगडीत न पाडता तालमीच्या हॉलचं भाडं परस्पर हॉलवाल्याला भरा, आणि कधीतरी एखाद्या सीएशी गाठ घालून द्या. करसवलत मिळणार नाही, पण मुलं अडचणीतही येणार नाहीत.

किती द्यायचे आणि कोणत्या खात्यात

एका निवृत्त बँक कर्मचारी बाईंनी आम्हाला आठ वर्षं दरमहा पाचशे रुपये पाठवले. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवली होती, पाच तारखेला पैसे जमा. आठ वर्षांत ४८,००० झाले. याच काळात एका गृहस्थांनी एकरकमी ५१,००० दिले, त्यांचा सत्कार झाला, भाषण झालं, नाटक वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. रक्कम दोघांची जवळपास सारखीच. पण बाईंच्या पाचशे रुपयांवर मी हॉलवाल्याशी वर्षभराचा करार करू शकलो आणि तासाचा दर तीस रुपयांनी खाली आणला. एकरकमी पैसे महोत्सवात सहा दिवसांत संपले. बाई मंचावर कधी आल्या नाहीत, मागच्या रांगेत बसायच्या आणि मध्यंतरात चिवडा वाटायच्या.

तेव्हा जमत असेल तर दरमहा द्या, थोडे द्या, आणि ‘संस्थेच्या सर्वसाधारण कामासाठी’ असं लिहून द्या. या तीन शब्दांची किंमत खजिनदारालाच कळते. ‘फक्त नेपथ्यासाठी’ असं लिहिलेत की ती रक्कम नेपथ्यावरच खर्च करावी लागते, मग त्या महिन्यात वीजबिल थकलेलं असो. एखाद्या कामासाठीच द्यायचं असेल तर कंटाळवाणं काम निवडा : तालमीच्या हॉलचं तीन महिन्यांचं भाडं, बॅकस्टेजच्या मुलांचं मानधन, नव्या संहितेसाठी लेखकाला आगाऊ रक्कम, तालुक्याच्या गावी एका प्रयोगाचा टेम्पो आणि जेवण.

कायम निधी, म्हणजे कॉर्पस, हा निराळा प्रकार. मुद्दल तसंच ठेवून फक्त व्याज वापरायचं असेल तर देताना लेखी पत्र द्या, ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीसाठी’ असं स्पष्ट लिहून. तोंडी सांगितलेलं हिशेबात टिकत नाही. मोठ्या रकमेला हे योग्य आहे. छोट्या रकमेला नाही, आणि इथे मला स्मृतिपुरस्कारांबद्दल थोडं कडवट बोलू द्या.

आईच्या किंवा वडिलांच्या नावे ५०,००० रुपये द्यायचे आणि व्याजातून दरवर्षी उत्तम अभिनेत्रीला ५,००० चा पुरस्कार, अशी योजना घेऊन येणारे फार. साडेसहा टक्क्यांनी व्याज होतं ३,२५०. पुरस्काराची रक्कमच पूर्ण होत नाही. वर स्मृतिचिन्ह, शाल, निमंत्रणपत्रिका, हॉल. म्हणजे दरवर्षी संस्था तुमच्या आईच्या पुरस्कारात स्वतःचे चार-पाच हजार घालते आणि सौजन्यापोटी बोलत नाही. आमच्याकडे असे सहा पुरस्कार होते. स्मृतीच जपायची असेल तर तेच ५०,००० ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ म्हणून दोन नाटकांच्या तालमींना द्या आणि नाटकाच्या पत्रिकेवर एक ओळ छापायला सांगा. ती ओळ प्रयोगाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पडते.

पैसे पोचवणं आणि पावती

रोख देऊ नका. दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर सवलत मिळतच नाही, आणि त्याखालीही रोखीचा हिशेब दोघांनाही जाचक. यूपीआयनं दिलेत तर पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात जातायत ना, हे स्क्रीनवर येणारं नाव वाचून बघा. दिग्दर्शकाच्या किंवा सचिवाच्या वैयक्तिक नंबरवर ‘तात्पुरते’ पाठवू नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी वर्षअखेरीला कोणते पैसे देणगीचे आणि कोणते चहाचे हे त्यालाच आठवत नाही. मी ते जुळवत मार्च-एप्रिलच्या रात्री जागलोय.

पैसे भरले की लगेच एक ओळीचा ईमेल किंवा व्हॉट्सअॅप करा : पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, कशासाठी. गुप्तदानाची आपल्याकडे मोठी हौस. पण निनावी देणग्या एका मर्यादेपुढे गेल्या तर संस्थेला त्यावर तीस टक्के कर बसू शकतो. नाव जाहीर करायचं नसेल तर तसं सांगा, संस्था ते छापणार नाही. तिच्या वहीत मात्र नाव-पत्ता असू द्या.

पावतीवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, ८०जी चा क्रमांक, तुमचं नाव आणि पॅन, रक्कम, पैसे कोणत्या मार्गानं आले ते आणि सही, एवढं असलं पाहिजे. पण सवलतीसाठी ही पावती पुरत नाही. संस्थेनं वर्षभराच्या देणग्यांचं विवरण आयकर विभागाला १०बीडी या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत द्यायचं आणि त्यावरून तुमच्या नावाचं १०बीई प्रमाणपत्र काढून द्यायचं, अशी पद्धत गेली काही वर्षं रुळली आहे. तुम्ही विवरणपत्रात दाखवलेली देणगी त्याच्याशी ताडून बघितली जाते. संस्थेनं तुमचा पॅन चुकीचा टाकला तर सवलत गेली, म्हणून पॅन लिहून पाठवा, फोनवर सांगू नका. ‘बी’ आणि ‘डी’ फोनवर सारखेच ऐकू येतात.

तिकीट म्हणजे देणगी नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. पाच हजारांची ‘डोनर पास’ घेतलीत आणि त्याबदल्यात पुढच्या रांगेतल्या दहा खुर्च्या मिळाल्या, तर तो व्यवहार झाला. काहीही परत न घेता दिलेलं ते दान. प्रामाणिक संस्था दोन्हींच्या पावत्या वेगळ्या फाडते.

करसवलतीचा खरा हिशेब

लोकांचा मोठा गैरसमज इथे आहे. नव्या करप्रणालीत असाल, आणि बहुतेक पगारदार आता तिथेच आहेत, तर अशा देणगीवर सवलत शून्य. जुन्या प्रणालीत नाट्यसंस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही ढोबळमानानं उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. वस्तुरूपानं दिलेल्याला सवलत नाही.

उदाहरण घ्या. जुनी प्रणाली, करपात्र उत्पन्न बारा लाख, देणगी वीस हजार. उत्पन्नातून वजा होणार दहा हजार. तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर धरला तर वाचले ३,१२०. वीस हजार देऊन तीन हजार वाचवण्यासाठी कुणी नाटकाला पैसे देत नाही. नाटक आवडतं म्हणून देतो. हे आधीच पक्कं केलंत की ३१ मार्चची घाई सुटते आणि संस्थेला गरज असते तेव्हा, म्हणजे जून-जुलैत नव्या तालमी लागतात तेव्हा, पैसे देता येतात.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. ८०जी ची तरतूद आता १३३ व्या कलमात आहे. बोलताना सगळे अजून ऐंशी-जीच म्हणतात. कागदावर वेगळा क्रमांक दिसला तर दचकू नका, सीएला दाखवा.

परदेशात असाल तर

न्यू जर्सी, लंडन किंवा सिडनीत बसून पुण्यातल्या संस्थेला मदत करणाऱ्यांनी एकच गोष्ट तपासायची : तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा? भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘परदेशी देणगी’ ठरत नाही. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यातून द्या आणि पासपोर्टची प्रत जोडा, म्हणजे खजिनदाराचा जीव भांड्यात पडतो.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही परदेशी स्रोत. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यायला हवेत. बहुतेक छोट्या नाट्यसंस्थांकडे ही नोंदणी नाही. अशा वेळी ‘भावाच्या खात्यातून फिरवून देतो’ हा मार्ग काढू नका. निस्तरावं लागतं ते संस्थेला. त्यापेक्षा तिकडच्या महाराष्ट्र मंडळाला या नाटकाचा दौरा रीतसर बोलवायला सांगा, आणि मानधन घासाघीस न करता द्या.

कंपनीत वजन असेल तर

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यातलं काहीही असलेल्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. त्याच्या यादीत कला आणि संस्कृती आहे. संस्थेकडे सीएसआर-१ (असे पैसे घेण्यासाठीची) नोंदणी, १२ए, ८०जी आणि तीन वर्षांचं काम हवं. अनुभव असा की समितीपुढे ‘प्रायोगिक नाटक’ म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात, ‘जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांसाठी नाट्यशिबिर’ म्हटलं की सही होते. संस्था अशी शिबिरं खरंच घेत असेल तर त्यासाठीच मागा. नसेल घेत, तर सीएसआरच्या पैशासाठी तिला शिबिरवाली बनवू नका.

पैसे नसतील तर

नाट्यसंस्थेला पैशाइतकीच जागा लागते. तुमच्या बंगल्याचं रिकामं गॅरेज किंवा बंद पडलेल्या कारखान्याची शेड असेल तर सेट ठेवायला द्या. आमच्या एका नाटकाच्या लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) आणि दरवाजाच्या दोन चौकटी तीन वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे उभ्या होत्या. त्यांचे पेशंट त्यांना नवीन खोली कधी बांधताय म्हणून विचारायचे. गोदाम मिळालं नाही तर काय होतं? नाटकाचे प्रयोग थांबले की सेट भंगारात निघतो, आणि सहा महिन्यांनी कुणी प्रयोग मागितला तर पुन्हा पंचेचाळीस हजार.

सोसायटीचा हॉल दुपारी रिकामा असतो. तिथे तालीम होऊ द्या, पण आवाजाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगा, कारण नाटकात खून असेल तर कुणीतरी पोलिसांना फोन करतं. हे घडलेलं आहे. सीए असाल तर ऑडिट कमी फीत करा, वकील असाल तर भाडेकरार तपासून द्या. जुने कपडे देताना मात्र आधी विचारा. आजीची नऊवारी, आजोबांचा कोट, जुना टाइपरायटर, काळा डायल फोन, याला सोन्याचं मोल. फाटके टी-शर्ट नकोत.

दिल्यानंतर

पैसे दिले म्हणून संहितेत हात घालायचा नाही. ‘शेवट जरा सुखाचा करा’ असं म्हणणारे देणगीदार पाहिलेत. पुतण्याला भूमिका मागणारेही पाहिलेत. पुतण्या चांगला असेल तर तालमीला येईल आणि आधी सहा महिने खुर्च्या उचलेल, सगळे तसेच आले. फुकट पास मागू नका. देणगीदारानं तिकीट काढलं की खिडकीवर बसलेल्या पोराला जो हुरूप येतो तो पावतीवर मावत नाही.

वर्षातून एकदा हिशेब मात्र मागा. पानभर पुरे : किती आले, कशावर गेले, किती प्रयोग झाले, पुढे काय. हे पान चोखपणे येत राहिलं तर पुढच्या वर्षी रक्कम थोडी वाढवा. दोनदा मागूनही आलं नाही, तर कारण सांगून थांबवा. न सांगता थांबवू नका, खजिनदार बिचारा महिनाभर बँकेचं स्टेटमेंट उलटसुलट करून बघत बसतो.

१०बीई प्रमाणपत्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आलं नाही तर फोन करा. सकाळी करा. संध्याकाळी सातनंतर कुणी उचलणार नाही, तेव्हा तालीम चालू असते.